हक्कसोडीचं कौतुक थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर एक बातमी होती. चार बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीतला आपला हक्क भावाच्या नावे सोडला, गावाने साडी-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला, आणि आजच्या स्वार्थी जगात असा त्याग दुर्मीळ झाला आहे असं भाषणात सांगितलं गेलं. फोटोत चौघी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, मधोमध भाऊ. मथळ्यात 'आदर्श' हा शब्द होता. जमीन किती, बहिणींचं घर कशावर चालतं, त्यांची मुलंबाळं काय करतात, यातलं बातमीत काहीच नव्हतं. चौघींपैकी एकीच्याही तोंडचं एक वाक्य नव्हतं.

ती बातमी वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण जमल्यास पूर्ण छापावं.

मी सातारा जिल्ह्यात १९८७ साली तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. लोकांच्या तोंडी आधी तलाठीबाई, नंतर सर्कलबाई. खातेदार वारला की त्याच्या वारसांची नोंद धरायची हे पहिलं काम, आणि पुढे तलाठ्याने धरलेला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, तपासून प्रमाणित करायचा हे दुसरं. त्यामुळे बहिणींनी हक्क सोडल्याचे किती दस्त माझ्या टेबलावरून गेले असतील, त्याची गणती नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही सांगते, की तो 'त्याग' दुर्मीळ अजिबात नाही. आमच्या भागात तो रिवाज आहे. दुर्मीळ आहे ती सही न करणारी बहीण, आणि तिचा सत्कार झालेला मी अजून कुठल्या गावात पाहिला नाही.

हे घडतं कसं, ते शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. वडील वारतात. तेराव्याला सगळ्या लेकी माहेरी असतात. घरात रडारड चाललेली असते आणि त्याच मुक्कामात कुणीतरी आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करून ठेवतं, कारण सगळ्या पुन्हा एकत्र कधी सापडणार? पुढे वारस नोंद होते. मग एक दिवस भाऊ जीप करून बहिणींना तालुक्याला घेऊन येतो. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर दस्तलेखकाने कागद आधीच तयार ठेवलेला असतो. त्यात ठरलेलं वाक्य असतं, की हा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला सोडत आहे. साक्षीदार आणि ओळखदार भावाच्या ओळखीचे. आत फोटो निघतो, अंगठा उमटतो, सह्या होतात. मान्य आहे ना, असं साहेबांनी विचारलं की बहीण आधी भावाकडे बघते आणि मग मान हलवते. नंतर हॉटेलात जेवण, दुकानातून साडी, आणि संध्याकाळच्या गाडीने ती सासरी. मुद्रांकाचा खर्चही किरकोळ. वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क जवळच्या नात्यात बिनमोबदला सोडला तर काही शे रुपयांत काम होतं. बागायत जमीन असेल तर एका दुपारी काही लाखांची मालमत्ता अशी हातातून जाते.

मंडळ अधिकाऱ्याने कागद तपासायचा असतो, सल्ला द्यायचा नसतो. तरीही समोर आलेल्या बाईला मी विचारायची, की काय लिहिलंय ते कळलं का, आणि जमीन किती आहे ते ठाऊक आहे का. बहुतेकींना क्षेत्र माहीत नसायचं. 'मळ्यातली' आणि 'माळावरची' एवढंच.

एक बाई माझ्या कायम लक्षात राहिली. गाव-नाव सांगत नाही. माहेर धोम कालव्याच्या भिजणाऱ्या पट्ट्यात, ऊस आणि आलं पिकणारं. दिली होती माणदेशाच्या बाजूला, जिथे पाऊस नाही झाला तर ज्वारीसुद्धा हाती लागत नाही. नवरा वारलेला, दोन पोरं शाळेत, आणि ती दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपायला जायची. तिच्या वाट्याला पाऊण एकराच्या आसपास बागायत येत होती, आणि ती सोडून द्यायला आली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, वाट्याने लावलीस तरी पोरांचं शिक्षण होईल. ती म्हणाली, "खरंय बाई. पन दिवाळीला एक दिस 'ये' म्हननारं कुनीतरी पायजे की. हे घेतलं तर ते जायाचं." भाऊ बाहेर बाकावर बसला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याने तिला धमकावलं नव्हतं, मारलं नव्हतं. त्याने फक्त गृहीत धरलं होतं, तिनेही धरलं होतं, आणि त्यांच्या आईनेही. म्हणूनच कागदावरचं 'दडपणाखाली न येता' कायद्याच्या नजरेत टिकतं. कुणाचा हात धरून सही घेतलेली नसते. पण माहेर तुटण्याची भीती हे दडपण नाही, असं हे पत्र वाचणाऱ्या कुठल्याही बाईने मला सांगावं.

या भीतीबरोबरच दुसरं काम करतं ते कौतुक, आणि म्हणून मला तुमच्या बातमीचा राग आला. हक्क सोडणारी ती मायाळू, समजूतदार, मोठ्या मनाची. मागणारी ती हावरट, भांडखोर, 'नवऱ्याच्या सांगण्यावरून नाचणारी'. लहानपणापासून मुलीला शिकवलेलं असतं, की भावाच्या ताटात आधी वाढावं, शेवटची भाकरी आपण नको म्हणावी. जमिनीच्या वेळी तिच्याकडून तेच अपेक्षित असतं, फक्त या वेळी सरकारी शिक्क्यानिशी. आणि ही अपेक्षा एकतर्फी आहे. बहिणीची परिस्थिती नाजूक म्हणून भावाने तिच्यासाठी हक्क सोडल्याचे दस्त माझ्या सगळ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. प्रेमापोटीच हे होत असतं, तर दोन्ही बाजूंनी झालं असतं.

कोणी म्हणेल, ही खेड्यातल्या अडाणी बायकांची गोष्ट. नाही. पुण्यातल्या इंजिनियर मुली, मुंबईत शिक्षिका असलेल्या बायका सह्या करून गेल्या आहेत. परदेशात असलेल्या मुलींनी तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्रं करून पाठवली आहेत. त्यांचं म्हणणं असतं, "मला काय कमी आहे? कशाला दादाला दुखवू?" कमी नाही हे खरं. पण भावालाही काही कमी नसतं, आणि त्याला हा प्रश्न पडत नाही.

कायद्याचं थोडं सांगते, कारण अर्धवट माहितीवर सह्या होतात. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वाट्याचा आग्रह धरला होता. ते बिल रखडलं, आणि १९५१ साली त्यांनी कायदामंत्रीपद सोडलं त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस ठरले. पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली आपल्यापुरता कायदा बदलला आणि मुलींनाही तो हक्क दिला, मात्र २२ जून १९९४ पूर्वी ज्यांची लग्नं झाली त्यांना वगळून. मग केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि लग्नाची अट गेली. त्यानंतरही घोळ राहिला, की वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत. तो ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं तेवढी मोडत नाहीत.

आता सातबारावर काय दिसतं ते बघा. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं असे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. विधवा आई आणि बहिणी यांची नावं उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात, जिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीचा हिस्सा लिहितात. कित्येक ठिकाणी तिथेही नसत. ए.कु.मॅ.च्या नोंदी कमी करून सगळ्या वारसांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, घ्या, असे शासनाचे आदेश आले, आम्ही मोहिमा केल्या. मी स्वतः ती नावं इकडून तिकडे घेतली आहेत. एका घरातली म्हातारी आत्या मुद्दाम चावडीवर आली आणि "माजं नाव कुटं हाय ते दावा" म्हणाली. मी ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने त्या जागेवरून बराच वेळ बोट फिरवलं.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेती कसणाऱ्या खातेदारांत बाईच्या नावाची खाती शंभरात चौदासुद्धा भरत नव्हती, १३.९६ टक्के. कुठल्याही शिवारात सकाळी दहा वाजता जाऊन खुरपणीला, कापणीला, भांगलणीला कोण दिसतं ते पाहा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा. नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, पीएम-किसानचा हप्ता नाही, विहिरीच्या अनुदानाचा अर्ज नाही. शेती करूनही ती सरकारी कागदावर शेतकरी नाही.

आता माझं सांगते. नुसतं दुसऱ्यांना सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

आम्ही दोन बहिणी आणि एक भाऊ. माझं लग्न १९८८ सालचं, धाकटीचं १९९६ चं. १९९४ चा कायदा आला तेव्हा त्याच्या हिशेबाने धाकटी घरच्या जमिनीची जन्मतः वाटेकरी आणि मी नाही, कारण माझ्या डोक्यावर आधी अक्षता पडल्या होत्या. अकरा वर्षं एकाच आईच्या दोन लेकी कायद्यासमोर अशा वेगळ्या होत्या. २००५ नंतर आम्ही सारख्या झालो. २००९ साली वडील गेले. तीन एकर जमीन, त्यातली निम्मी भिजणारी. भाऊ पुण्यात बँकेत नोकरीला, जमीन गावातला एक जण निम्म्या वाट्याने करायचा. म्हणजे भाऊसुद्धा ती कसत नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी विषय काढला. दोघी बहिणींनी सही करून द्यावी, भाऊ चोळीबांगडीला कमी करणार नाही. मी नाही म्हणाले. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. मी सही करणार नाही, आईनेही करायची नाही, आणि धाकटीने तिचं ती ठरवावं, असं सांगितलं. तेव्हा जे ऐकलं ते अजून कानात आहे. "सरकारी नोकरी आहे, नवऱ्याचा पगार आहे, हिला भावाच्या तोंडचा घास कशाला हवा?" त्याच ओसरीवर भाऊ बसला होता. बँकेची नोकरी, पुण्यात फ्लॅट, त्याच्या बायकोचीही नोकरी. तुला नोकरी असताना जमीन कशाला, असं त्याला विचारणारं त्या घरात कोणी नव्हतं. माझा पगार माझ्या हक्काच्या आड येत होता, त्याचा पगार त्याच्या हक्काच्या आड येत नव्हता.

धाकटीने पण सही केली नाही. चौघांची नावं लागली, जमीन सामाईकच राहिली, वाटेकरी तोच राहिला. फक्त वर्षाच्या हिशेबाची चार पाकिटं व्हायला लागली. ज्या वर्षी आल्याला भाव आला त्या वर्षीच्या पैशात धाकटीच्या मुलीची नर्सिंगची पहिल्या वर्षाची फी गेली. तिच्या नवऱ्याचं छोटं गॅरेज आहे, तिने त्याच्यापुढे हात पसरला नाही आणि भावापुढेही नाही. भाऊ काही वर्षं भाऊबीजेला आला नाही. ते दुःख खरं आहे, मी ते लपवत नाही. आईच्या आजारपणात आम्ही पुन्हा बोलायला लागलो. आता येणं-जाणं आहे, पहिल्यासारखं नाही, पण आहे. एवढं मोजूनही मी तो निर्णय पुन्हा तसाच घेईन.

या विषयावर बोलायला लागलं की तीच उत्तरं येतात. पहिलं, "लग्नात दिलं की." लग्नात दिलेलं मांडववाल्याला, आचाऱ्याला आणि सासरच्या मानपानाला गेलं. तिच्या हातात काय राहिलं? हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे, तो वाटा म्हणून कसा धरता? आणि भावाचं लग्नही घरच्याच पैशांनी झालेलं असतं, ते त्याच्या वाट्यातून कोणी वजा करत नाही. दुसरं, "जमिनीचे तुकडे पडतील." तीन भावांनी वाटून घेतली तरी पडतातच, तेव्हा ही काळजी कुठे असते? शिवाय नाव लावणं आणि जमीन मोजून तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमची जमीन आजही एकच तुकडा आहे. तिसरं, "जमीन परक्या घरात जाईल." म्हणजे तुमच्याच नातवंडांना. त्या बाईला मूलबाळ नसेल तर बापाकडून वारशाने आलेली मिळकत बापाच्याच वारसांकडे परत जाते, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे.

चौथं उत्तर मात्र मी गंभीरपणे घेते. "आईवडिलांना आम्ही सांभाळलं." गावी राहून म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं काढणं सोपं नाही, आणि जो करतो त्याचा मान राखलाच पाहिजे. वडिलांनी हयातीत मृत्युपत्र करून आपल्या वाट्याचं त्याला जास्त द्यावं, त्याला कायद्याची आडकाठी नाही. पण 'आम्ही सांभाळलं' म्हणणाऱ्या घरात जाऊन बघा. सासूचं अंथरूण कोण धुतं, सासऱ्यांच्या औषधाच्या वेळा कोण सांभाळतं? सून. आणि ती सून कुणाची तरी बहीण आहे. तिने तिच्या माहेरी सही करून दिलेली आहे. इथल्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. सांभाळल्याचा मोबदला म्हणून जी जमीन नवऱ्याला मिळाली, त्यात सांभाळणारीचा वाटा कुठे आहे? दोन घरांत राबून ती दोन्हीकडे बिननावाची राहते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून दिली. हे महाराष्ट्रात घडून गेलेलं आहे. तेव्हा हे आपल्याकडे चालणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

आईबद्दल एक वेगळं लिहायचं आहे. बहिणींच्या सह्यांबरोबर त्याच दस्तावर म्हातारीचाही अंगठा घेतला जातो. "तुला काय करायचीय जमीन, आम्ही आहोत ना." यातल्याच काही आया पुढे प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात पोटगीचा अर्ज घेऊन आलेल्या मी पाहिल्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण सांभाळण्याच्या अटीवर दिल्याचं कागदावर नसेल, तर दिलेली जमीन परत मिळवणं फार अवघड जातं. हक्क हातात असता तर तिला अर्ज घेऊन कुणापुढे उभं राहावं लागलं नसतं. मुलींनो, तुमचं काहीही ठरो, आईचा अंगठा उठू देऊ नका.

नवऱ्यांच्या बाजूनेही चांगलं चित्र नाही. काही ठिकाणी सासरचे बाईला पुढे करून वाटा मागतात, आणि मिळाला की तो विकून ट्रॅक्टर नाहीतर गाडी घेतात, तीही नवऱ्याच्या नावाने. जिथे रस्ता किंवा एमआयडीसी येणार असते तिथे ही ओढाताण फार वाढते. इकडून भाऊ ओढतो, तिकडून नवरा. म्हणून मला 'बहिणींनो, वाटा मागा' एवढंच म्हणायचं नाही. वारशाने आलेली मिळकत पूर्णपणे तिची आहे. तिचं काय करायचं, हा निर्णय तिचा असला पाहिजे. त्यात तिने विचार करून हक्क सोडला तर तोही तिचा निर्णय, मी त्याच्या आड येणार नाही. पण विचार करायला माहिती लागते, वेळ लागतो आणि एकटीला बसू द्यावं लागतं. या तिन्ही गोष्टी जीपमधून आणलेल्या बाईला मिळत नाहीत.

शासनाने एवढं तरी करावं, की हक्कसोड नोंदवण्याआधी ती बाई एकटी असताना एखाद्या महिला कर्मचाऱ्याने तिच्याशी बोलावं, क्षेत्र आणि अंदाजे किंमत तिला वाचून दाखवावी, आणि त्याच दिवशी सही न घेता काही दिवसांनंतरची तारीख द्यावी. वारस नोंदीत मुलींची नावं धरताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं आणि सासरचा पूर्ण पत्ता घ्यावा. आज कित्येक नोटिसा माहेरच्या पत्त्यावर जातात, तिथे भाऊच त्या घेतो, आणि बहिणीला पंधरा दिवस उलटून गेल्यावर कळतं. सरकार आज बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा करतं. त्या पैशाचं मोल मला माहीत आहे, गरीब घरात त्याने फरक पडतो. तशीच मेहनत घेऊन गावोगावी वारस नोंदीतल्या सुटलेल्या लेकी शोधल्या तर तिच्या हक्काचं तिला मिळेल, आणि ते दरवर्षी उत्पन्न देणारं असेल.

आणि आपल्याकडून एक अपेक्षा आहे. यापुढे अशी बातमी आली तर बातमीदाराने बहिणींशी बोलावं. जमीन किती होती ते लिहावं. भावालाही विचारावं, की तू का नाही सोडलास. आणि सही न करणाऱ्या एखाद्या बहिणीकडेही जावं.

शेवटी वाचक भगिनींसाठी कामाची माहिती. सोबत चौकट करून छापलीत तर बरं होईल. हक्कसोड नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेला कागद किंवा तलाठ्यापुढचा जबाब यांनी जमिनीतला हक्क जात नाही. तेव्हा पूर्वी अशा एखाद्या कागदावर सही दिली असेल तर घाबरू नका, आधी चौकशी करा. 'भूलेख' या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की त्या गावात सध्या कुठल्या फेरफाराची नोटीस लागली आहे ते दिसतं, मग तुम्ही ठाण्यात असा नाहीतर दुबईत. नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते. साध्या कागदावर फेरफार क्रमांक, गट नंबर, आपलं वडिलांशी नातं आणि हरकतीचं कारण लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची. मग ती तक्रारी नोंद होते आणि दोन्ही बाजूंना सुनावणीला बोलावणं भागच पडतं. मुदत गेली असेल तर प्रमाणित फेरफारावर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील आहे. दस्तावर सही होऊन गेली असेल आणि ती फसवून घेतली असेल, तर मात्र दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. तिथे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून थांबू नका.

मी ज्या बायकांबद्दल लिहिलं त्या ओळखू येऊ नयेत, म्हणून माझं नाव-गाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, जि. सातारा